आक्काचा अंगठा

निवृत्त माणसाला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण अजून जिवंत आहोत, हे सांगून यावं लागतं. आता त्यासाठी यंत्र आलंय. काचेवर बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागला की आपण हयात. यंदा माझ्या बोटांना दिवा काही लागेना. उजव्या हाताची झाली, डाव्या हाताची झाली, रुमालाला पुसून झाली, मागच्या एका गृहस्थांनी सांगितलं म्हणून कपाळाला घासूनही झाली. "सर, रेघाच राहिल्या नाहीत तुमच्या," काउंटरवरची मुलगी म्हणाली. पस्तीस वर्षं खडू धरलेली बोटं, राहणार कशा. मग तिनं खालच्या खणातून एक चपटी पत्र्याची डबी काढली, नखानं झाकण उचकटलं आणि जरा ओशाळून म्हणाली, "राग मानू नका, कागदावर अंगठाच द्यावा लागेल." आत जांभळी ओली गादी होती. तिचा वास आला. थोडा रॉकेलसारखा, थोडा गोडसर, दप्तरात वर्षानुवर्षं कोंडून राहिलेला. माझा हात पुढं गेला आणि मधेच थांबला. त्या मुलीला वाटलं, शिकलेल्या माणसाला कमीपणा वाटतोय. तसं नव्हतं. मला आक्का आठवली होती.

या वासाशी माझं वैर जुनं. माझ्या वडिलांना मी हा वास घेऊन घरी येताना पाहिलंय. चावडीत काही कागद असला की कारकून वडिलांचा हात धरत नसे, फक्त अंगठा धरायचा. दोन बोटांच्या चिमटीत, एखादा किडा उचलावा तसा, आणि गादीवर दाबून कागदावर टेकवायचा. घरी आल्यावर वडील तो अंगठा आधी मातीत घासत, मग चुलीतल्या राखेनं. तरी दोन दिवस डाग राहायचा. भाकरी मोडताना तो जांभळा अंगठा माझ्या डोळ्यांपुढं यायचा. आमच्या घरात, खरं तर आमच्या अख्ख्या आळीत, कॉलेजात गेलेला मी पहिला. बी. ए. झालो तेव्हा मनाशी एकच गोष्ट धरली होती: आपल्या माणसांचा अंगठा कुणी चिमटीत धरता कामा नये. आजही मला त्या रागाची लाज वाटत नाही. लाज वाटते ती पुढं त्या रागाचं मी जे केलं त्याची.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. नोकरी लागायची होती. एक संस्था शिकलेल्या पोरांना गावोगावी प्रौढांचे वर्ग घ्यायला पाठवत असे. पगार नाही, राहायला जागा आणि पोटाला गाव घालेल ते. मी केदारखेड्याकडचा, मला दिली अंबडच्या बाजूची एक वस्ती. आपला जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, पण माझ्या आईला तेवढं अंतरही परदेशासारखं. "तिकडची भाषा कशी असंल रे," तिनं भाबडेपणानं विचारलं होतं. भाषा आपलीच होती, फक्त माणसं नवी. वस्ती पंचवीस-तीस घरांची, धम्म घेऊन वीस-बावीस वर्षं झालेली. पत्र्याचं एका खोलीचं विहार होतं, त्याच्या एका कोपऱ्यात माझी वळकटी आणि ट्रंक. जेवण वारानं ठरलेलं. आज या घरी, उद्या त्या घरी. गुरुवार आक्काचा.

आक्का म्हणजे वस्तीत सगळ्यांचीच आक्का. चाळिशीची असेल. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला, तशी माहेरी परतली, ती इथलीच झाली. आई आधीच नव्हती. पाळण्यातला भाऊ तिनंच वाढवला. वडीलही आदल्या वर्षी वारले. मागं राहिलं ते नाल्याकाठचं तीन एकर रान, आणि त्यात भावाच्या बरोबरीनं आक्काचा हिस्सा. वस्तीत सगळेच दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारे, स्वतःचं रान असलेली घरं तीन-चार. आक्का त्या रानाबद्दल बोलायची ते एखाद्या सख्ख्या माणसाबद्दल बोलावं तसं. "आज रानाकडं गेल्ते, लय दिस झाले भेटून," म्हणायची. तिच्या हातच्यासारखी येसराची आमटी आणि कारळाची चटणी मी पुढं कुठंच खाल्ली नाही. वाढताना मात्र ती बोलायची फटकळ: "गुर्जी, खाऊन घ्या पोटभर. उपाशी मास्तराची अक्षरं बारीक येत्यात."

वर्ग दिवेलागणीला भरायचा. दिवसभर निंदून, खुरपून आलेली माणसं हातपाय धुऊन पाट्या घेऊन बसत. कंदिलाच्या काचेवर किडे टकटक करत असत आणि ती दणकट, चिरा पडलेली बोटं पाटीवरच्या पेन्सिलीशी झटत असत. नांगर धरणारा हात पेन्सिल इतकी दाबायचा की तिचा तुकडा उडून पलीकडच्या बाईच्या पदरात जायचा आणि सगळा वर्ग हसायचा. एक म्हातारेबुवा होते, सगळ्यात मागं बसायचे. ते म्हणायचे, "शिकवा, गुर्जी, जल्दी शिकवा. मला यमाच्या वहीत सही करायचीय. तिथं अंगठा द्यायची मपली इच्छा न्हाई." बायका एकमेकींच्या पाटीत डोकावून नावं ठेवायच्या. "हे काय काढलंस गं, अक्षर हाय का पळती शेळी?" मी खोटा राग आणायचो. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा मी, आईच्या वयाच्या बायका मला 'गुर्जी' म्हणून उठून जागा देत होत्या. त्या मानाची मला लवकरच चटक लागली, हे आज कबूल करतो.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. संस्थेनं दिलेल्या पुस्तकात रीत वेगळी होती. आधी अक्षरं, मग शब्द, मग वाक्य, मग वाचन; सहीचा धडा पार शेवटी. त्याला वर्ष तरी लागलं असतं. पण संस्थेचे साहेब चार महिन्यांनी पाहणीला यायचे होते, आणि माझ्या डोक्यात वडिलांचा जांभळा अंगठा. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि सगळ्यांना आधी सही शिकवायला घेतली. एकही अंगठा नसलेली वस्ती करून दाखवायची, असं मी ठरवलं. ज्याचं त्याचं नाव मी पाटीवर लिहून द्यायचो आणि ते त्यावरून गिरवायचे. अक्षर म्हणून नाही, चित्र म्हणून. दारापुढं रांगोळी काढतात ना, इथून वळवायचं, इथं टेकवायचं, तसं. त्यांच्या सहीतलं एखादं अक्षर काढून दुसऱ्या शब्दात ठेवलं तर ते ओळखू येत नसे. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. वाचन मागाहून करून घेऊ, अशी मी माझी समजूत घातली होती.

आक्कानं तर ध्यासच घेतला. तिचं नाव लांब, त्यात वडिलांचं नाव, आडनाव. भाकरी थापायच्या आधी काठवटीतल्या पिठावर ती बोटानं सही काढायची, मग त्याच पिठात पाणी ओतायची. सारवलेल्या ओट्यावर, रानातल्या भुसभुशीत मातीत, शेवटी शेवटी तर बोलता बोलता स्वतःच्या मांडीवर बोट फिरत असायचं. एका गुरुवारी मी जेवायला गेलो तर म्हणाली, "गुर्जी, आज तुमच्या भाकरीत माझं नाव हाय. चावून खा." मी हसलो. आज तो घास आठवला की हसू येत नाही.

साहेब आले. विहारात सतरंजी टाकली, हजेरीपट मांडला, आणि एकेक जण पुढं येऊन सही करून गेला. म्हातारेबुवांनीही नाव पुरं केलं आणि पेन कपाळाला लावून परत दिलं. आक्काची सही सगळ्यांत वळणदार. साहेबांनी ती दोनदा पाहिली. मग त्यांनी एक छापील यादी माझ्यापुढं सरकवली. खाली लिहिलं होतं: वरील सर्व प्रौढांना लिहिता-वाचता येते. मी ते वाक्य वाचलं. नीट वाचलं, कारण मला वाचता येत होतं. आणि त्याखाली सही केली. जाताना साहेब म्हणाले, "आमच्या संस्थेच्या शाळेत जूनपासून एक जागा आहे. पत्र पाठवतो."

त्यानंतर महिनाभरातली गोष्ट. एका दुपारी मी विहाराच्या पायरीवर बसलो होतो, तर आक्का एसटीतून उतरून तडक माझ्याकडंच आली. नवं हिरवं लुगडं नेसलेली, चेहरा उजळलेला. "गुर्जी, आंबडला गेल्ते, कचेरीत," ती म्हणाली. वडिलांचं नाव कमी करून दोघांची नावं पक्की करायची आहेत, असं भावानं सांगितलं होतं. लुगडंही त्यानंच घेतलं, हॉटेलात भजी खाऊ घातली. "तो कारकून कसा वरून बघून राह्यला होता माझ्याकडं. म्हणला, बाई, अंगठा का? आन् गादी सरकवली. मी म्हणलं, अंगठा कामून? सही येते मला, सही. त्याचं तोंड बघायला पायजे होतं तुम्ही. मंग पेन दिला त्यानं. मी चार जागी सही केली, बराबर. आमच्या पुढं एक म्हातारी होती, अंगठावाली. तिला त्यानं सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवला, दोन माणसं जवळ उभी करून विचारलं, आजी, समजलं का, कबूल हाय का. मला म्हणला, तुम्ही तर शिकलेल्या, वाचलंच असंल. मी म्हणलं, हो."

ती हे सांगत होती ते मला खूष करायला. मी विचारलं, "आक्का, कागदावर काय होतं?" तिला प्रश्नच कळला नाही. "काय म्हंजी? नाव होतं ना माझं. मी स्वतः काढलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भावाच्या ट्रंकेतून कागदाची नक्कल काढून फडक्यात गुंडाळून आणली. मी वाचली. तो जबाब होता. नाल्याकाठच्या रानातला माझा हिस्सा मी राजीखुशीने भावाच्या नावे सोडत आहे, माझी काही तक्रार नाही, वरील मजकूर मी स्वतः वाचून सही केली आहे. चार जागी आक्काची वळणदार सही. मी हळूहळू अर्थ सांगितला. तिनं बोटानं स्वतःच्या सहीवरून एकदा गिरवलं, जसं मी शिकवलं होतं तसं. "मंग माझं नाव कशाला पायजे होतं त्यांना," ती म्हणाली, "मला काढूनच टाकायचं होतं तर."

नोंद पक्की व्हायच्या आत हरकत घ्यायला पंधरा दिवस असत. हे मीच तिला सांगितलं, शहाणपणानं सांगितलं. आणि मग तिनं जे मागितलं ते इतकं साधं होतं. "तुम्ही माझ्यासंगं चला, गुर्जी. दुसरं काय करू नका. तिथं येवढंच सांगा, हिला वाचता येत न्हाई, नुस्ती सही येते. तुम्ही मास्तर हाय, तुमचं ऐकतील." त्याच आठवड्यात शाळेचं पत्र आलं होतं, माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं. आणि साहेबांच्या फायलीत माझ्या सहीची ती यादी होती, जिच्यात आक्काला लिहिता-वाचता येत होतं. कचेरीत मी खरं बोललो असतो तर यादी खोटी ठरली असती. यादी खोटी ठरली असती तर मी. घराण्यातला पहिला पदवीधर, वडिलांना पत्र वाचून दाखवायला उतावीळ झालेला मी. "बघू," मी म्हणालो, "साहेबांना विचारतो." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. "उद्या," मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी, आईला बरं नाही असा निरोप आलाय, असं सांगून मी केदारखेड्याची गाडी धरली. आई धडधाकट होती. मला बघून तिला आनंदच झाला. मी सोळा-सतरा दिवस तिथं राहिलो, शेतात गेलो, विहिरीत पोहलो, रोज सकाळी मनात दिवस मोजले. पंधरा संपल्यावर आणखी पाच दिवस राहिलो, म्हणजे उगाच मोजून आल्यासारखं दिसू नये. माणूस किती बारकाईनं भित्रा असू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

परत आलो तेव्हा आक्का एकटीच कचेरीत जाऊन आली होती. कारकुनानं तिलाच तिची सही दाखवली आणि म्हणाला, बाई, इतकी देखणी सही करणारीला वाचता येत नाही, असं कोण मानेल. तिनं मला 'कुठं गेल्ते' असंही विचारलं नाही. गुरुवारी जेवायला बोलावलं, वाढलं. 'खाऊन घ्या पोटभर' असं मात्र एकदाही म्हणाली नाही. आमटीला तिखट बरोबर होतं, मीठ बरोबर होतं. ते जेवण मला कुठल्याही शिवीपेक्षा जड गेलं. वर्गाला मात्र ती त्यानंतर आली नाही.

जूनमध्ये मी निघालो. वस्तीनं मला निरोप द्यायचं ठरवलं. विहारात सगळे सकाळी कामाला जायच्या आधी जमले. गावातल्या शाळेच्या मास्तरांकडून त्यांनी एका जाड कागदावर चार ओळी लिहून आणल्या होत्या, आणि त्याखाली सगळ्यांनी आपापल्या सह्या करून तो मला आठवण म्हणून द्यायचा होता. म्हातारेबुवा, मग बाकीची गडीमाणसं, मग बायका. शेवटी आक्का उठली. मी पेन पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

"गादी न्हाई का तुमच्यापाशी? मंग शाई द्या," ती म्हणाली आणि अंगठा पुढं केला.

म्हातारेबुवा म्हणाले, "आक्के, असं काय करतीस? तुझी सही तर सगळ्यांत चांगली."

"चांगली हाय म्हणूनच न्हाई करत," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. आवाज चढला नव्हता. "पयलं कागद वाचून दाखवा, गुर्जी. अंगठावालीला वाचून दाखवावं लागतं. तसा नेम हाय."

मी कागद हातात घेतला आणि वाचला. मोठ्यानं वाचला, कारण तिनं तसं सांगितलं होतं. गुरुजींनी आमच्या वस्तीतला अंधार घालवला. गुरुजींनी आम्हाला लिहायला व वाचायला शिकवले. आता आम्हाला कुणी फसवू शकणार नाही. गुरुजींचे उपकार आम्ही विसरणार नाही. चारच ओळी होत्या. वाचताना दोनदा मी ओळ अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिल्यापासून घेतली. लोकांना वाटलं, निरोपाचं दुःख आहे. एका बाईनं डोळ्याला पदर लावला. वाचून झाल्यावर आक्का म्हणाली, "समजलं." एवढंच. कबूल आहे, असं ती म्हणाली नाही. मी पेनचं झाकण काढून तिच्या अंगठ्यावर शाईचे थेंब सांडले. तिचा हात मी धरला नाही; मला तो धरायचा हक्क राहिला नव्हता. तिनं स्वतःच अंगठा टेकवला, नीट, घाई न करता, आणि मग तो लुगड्याला पुसला नाही. तसाच निळा ठेवून कामावर निघून गेली.

पुढं मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. चांगली केली, असं लोक म्हणतात आणि मीही म्हणतो. तेवढा अभिमान मला आहे आणि तो मी लपवत नाही. एकाही पोराला वाचायला येण्याआधी सही शिकवली नाही. पण त्या वस्तीत मी परत गेलो नाही. कितीदा तरी अंबडच्या स्टँडवर उतरलो, तिकडं जाणारी गाडी समोर उभी असायची, कंडक्टर दारात उभा राहून गावाचं नाव पुकारायचा, आणि मी पाटी वाचत नसल्यासारखं करायचो. एकदा तिथंच वर्गातली एक बाई भेटली, म्हातारी झालेली. तिनं मला ओळखलं, चहा घ्यायला लावला. आक्का गेली, म्हणाली, दोनेक वर्षं झाली. शेवटपर्यंत त्याच नाल्याकाठच्या रानात खुरपायला जात होती, भावाच्या शेतात, रोजानं. "आमच्यात आता एक वळण पडून गेलंय, गुर्जी," ती बाई सहज सांगून गेली. "घरातलं पोरगं कितीबी शिकलेलं असू दे, कागद आला का पयलं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावत्यात. मंग सही. आक्कानं लावलं हे. पोरं चिडत्यात. पण वाचत्यात." तिला वाटलं असेल, गुरुजींना ऐकून बरं वाटेल. मी चहा संपवला. मी सहा महिने दिवे लावून जे शिकवलं नाही, ते आक्कानं एका अंगठ्यात शिकवलं होतं, आणि त्याची किंमत तिनं तिच्या रानानं दिली होती. मी काहीच दिलं नव्हतं.

तो जाड कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे. सह्या आता फिक्या पडल्यात, म्हातारेबुवांची तर जवळजवळ पुसलीच. पेनची शाई ती, किती टिकणार. अंगठा मात्र जाड उमटला होता म्हणून असेल, त्याच्या रेघा अजून एकेक मोजता येतात. शेतात नांगरानं पाडलेल्या तासांसारख्या.

बँकेतली मुलगी अजून माझ्याकडं बघत होती. "सर, इथं," ती म्हणाली आणि कागदाच्या तळाशी बोट दाखवलं. मी म्हणालो, "बाळ, आधी वाचून दाखव." तिला वाटलं, मी चष्मा विसरलोय. चष्मा डोळ्यांवरच होता. तिनं मागच्या रांगेकडं एकदा पाहिलं, मग कागद उचलून वाचायला लागली: मी खाली सही अथवा अंगठा करणार, असे लिहून देतो की... मी प्रत्येक शब्द ऐकला. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "समजलं का, सर?"

"समजलं," मी म्हणालो, आणि अंगठा गादीवर ठेवला. माझा ठसा नुसताच एक जांभळा डाग उमटला. त्यात एकही रेघ नव्हती. घरी आल्यावर बायको म्हणाली, राखेनं घासा, जाईल. मी घासला नाही. दोन दिवस राहील तेवढा राहू दे म्हटलं.